स्वभावाला औषध

स्वभावाला औषध नाही, असे आपण मराठी माणसे फार जुन्या काळापासून म्हणत आलो आहोत. ही म्हण उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा घरातला एखादा हट्टी म्हातारा असतो, एखादी फटकळ आत्या असते, नाहीतर वर्षाला तीन नोकऱ्या सोडणारा पुतण्या असतो. अशा माणसांवर आपण रागावतो, त्यांच्या पाठीमागे हसतो आणि अखेर त्यांना सांभाळून घेतो. परंतु काही माणसांचा स्वभाव त्यांच्या स्वतःच्याच जिवावर उठतो. त्यांना घर मानवत नाही आणि एकटेपण तर त्याहून सोसवत नाही. अशी माणसे शेवटी रुग्णालयाच्या खाटेपर्यंत येऊन पोचतात, आणि तेथे त्यांची गाठ सर्वांत अधिक वेळ पडते ती डॉक्टरांशी नव्हे, तर परिचारिकेशी. डॉक्टर सकाळी फेरीला येतात, दहा मिनिटे थांबतात. दिवसाचे उरलेले तेवीस तास आणि पन्नास मिनिटे शुश्रूषेच्या वाट्याला येतात. आज मला बोलावयाचे आहे ते ह्या उरलेल्या वेळाविषयी.

प्रथम नावाचा खुलासा करणे बरे. व्यक्तिमत्त्व-विकार म्हणजे वेड नव्हे. ह्या रुग्णाची बुद्धी शाबूत असते, स्मरणशक्ती शाबूत असते, हिशेब चुकत नाही. बिघडलेली असते ती स्वतःकडे आणि दुसऱ्याकडे पाहण्याची रीत. आणि हा बिघाड चार-आठ दिवसांचा नसून वर्षानुवर्षांचा, एका प्रसंगापुरता नसून घरीदारी सर्वत्र दिसणारा असतो. इंग्लंडमधील प्रिचर्ड ह्या वैद्याने १८३५ साली अशा अवस्थांना ‘नैतिक वेडेपणा’ म्हटले होते. त्या शब्दातील ‘नैतिक’ ह्या विशेषणाने पुढे फार घोटाळा केला. आजारी माणूस आणि वाईट माणूस ह्यांतील सीमारेषाच त्याने पुसट करून टाकली. १९२३ साली कुर्ट श्नायडर ह्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने अधिक सरळ व्याख्या केली: ज्यांच्या स्वभावातील विकृतीमुळे ते स्वतः दुःख भोगतात, किंवा समाजाला भोगावयास लावतात, ते हे लोक. त्यानंतर संशयी, एकलकोंडा, भित्रा, परावलंबी, नाटकी असे नाना प्रकार पाडण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेचे जे रोगवर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले, त्याने ही जुनी खानेसुमारी बहुतेक मोडीत काढली असून विकार सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र आहे, हे आधी ठरवावे असे सांगितले आहे. मला हा बदल योग्य वाटतो. परिचारिकेला रुग्णाचे बिरूद कळून फारसा उपयोग होत नाही. त्याचा त्रास किती खोल आहे हे कळले, तर मात्र होतो.

तरीही एक जुना प्रकार त्या वर्गीकरणाने निराळी खूण करून राखून ठेवला आहे, आणि माझे आजचे बोलणे मुख्यतः त्याच्याविषयी आहे. न्यूयॉर्कच्या ॲडॉल्फ स्टर्न ह्यांनी १९३८ साली अशा रुग्णांचे वर्णन केले आणि त्यांना ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे सीमेवरचे, असे म्हटले. कोणत्या दोन प्रदेशांमधली ही सीमा, हे आज कुणी विचारीत नाही. नाव मात्र चिकटून राहिले आहे. ह्या रुग्णांच्या मनात एक भय सतत ठाण मांडून बसलेले असते: आपल्याला टाकून देतील. फोन उचलावयास कुणी दोन मिनिटे उशीर केला, तरी ते भय जागे होते. मग राग येतो, रागामागून लाज येते, लाजेमागून असह्य रितेपणा येतो, आणि तो रितेपणा संपविण्यासाठी हात स्वतःच्याच शरीराकडे वळतो. काल जो माणूस देव होता तो आज राक्षस होतो, आणि उद्या कदाचित पुन्हा देव. ह्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या बालपणी मारहाण, हेळसांड किंवा लैंगिक अत्याचार घडलेले आढळतात. पण सर्वांच्या नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे, नाहीतर आधीच खचलेल्या आईबापांवर आपण नवे ओझे टाकू.

आता अशी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. वय बावीस-तेवीस. रात्रीचे अकरा वाजले आहेत. हाताला फडके गुंडाळून तिला कॅज्युअल्टीत आणले आहे. सोबत आई आहे, भाऊ आहे, आणि आणावे की न आणावे अशा विचारात निम्म्या वाटेवरून परत फिरलेला एक मित्र आहे. टेबलावरील सिस्टर तिला ओळखते, कारण गेल्या चार महिन्यांतील ही तिसरी खेप. मावशी दुसऱ्या मावशीला म्हणते, ‘आली पुन्हा नाटकं करायला.’ हे वाक्य मुलीच्या कानी पडते. पडावे म्हणूनच ते बोललेले असते.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण शुश्रूषेचा आरंभ येथूनच होतो, मनोरुग्णांच्या वॉर्डात नव्हे. मावशीच्या बोलण्यात दुष्टपणा नाही. शेजारच्या खाटेवर अपघातात सापडलेला मजूर आहे, पलीकडे प्रसूतीची अडलेली बाई आहे. ज्यांना जगावयाचे आहे अशांसाठी हात अपुरे पडत असताना, जिने आपल्या हाताने इजा करून घेतली तिच्याविषयी चीड येणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु ही चीड टाके घालताना बोटांत उतरते, आणि मग ते जुने पाप घडते: ‘स्वतः कापून घेताना दुखलं नाही, आता कशाला दुखतंय?’ असे म्हणून भूल न देताच जखम शिवली जाते. हे निखालस चुकीचे आहे. स्वतः करून घेतलेली जखम ही जखमच होय. ती इतर कोणत्याही जखमेप्रमाणे धुवावी, भूल देऊन शिवावी, तिच्यावर पट्टी बांधावी. ह्यात लाड नाही आणि शिक्षाही नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. तीन वेळा नुसते कातडीवर निभावले म्हणून चौथ्या वेळीही निभावेलच, असे धरून चालणे घातक आहे. अशा रुग्णांत आत्महत्येने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. आणि आपल्या देशात, जेथे शेतीची विषारी औषधे घराच्या कोपऱ्यात सहज हाताशी असतात, तेथे मरण्याचा निश्चय नसलेला माणूसही एका घोटात मरून जातो. म्हणून ‘मरायचा विचार आहे का?’ हा प्रश्न परिचारिकेने दर वेळी, सरळ आणि शांतपणे विचारावा. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे.

कायद्याचेही येथे सांगून टाकतो. आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडे दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयास लावले आणि त्यासाठी तिला शिक्षा करू नये असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत जुन्या दंडविधानातील ते कलमच राहिलेले नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याला काही करावयास भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अद्याप गुन्हा आहे. पोलिसांना कळविण्याची रुग्णालयाची रीत चालू असली, तरी ‘आता पोलीस येऊन घेऊन जातील तुला’ ही धमकी कुणी देऊ नये. ती निर्दय तर आहेच, शिवाय खोटीही आहे.

मुलगी वॉर्डात दाखल झाली, आणि आठवडा उलटला नाही तोच वॉर्डात दोन पक्ष पडले. रात्रपाळीची सिस्टर म्हणते, पोर फार सोसलेली आहे, तिला फक्त मीच समजते. दिवसपाळीची म्हणते, तिने तुला बोटावर नाचविले आहे. एक तिला जेवणानंतर गच्चीवर नेते, दुसरी ते बंद करते. निवासी डॉक्टर एकीच्या बाजूला, समाजसेविका दुसरीच्या. मुलगी पहिलीपाशी दुसरीच्या तक्रारी सांगते आणि दुसरीपाशी पहिलीची गुपिते. सगळे म्हणतात, हिने भांडणे लावली.

ह्या दृश्याचा सर्वांत सखोल अभ्यास ज्याने केला तो माणूस टॉम मेन. लंडनजवळ हॅम येथे कॅसल नावाचे रुग्णालय आहे; पहिल्या महायुद्धानंतर मज्जाविकारांच्या उपचारासाठी ते स्थापन झाले आणि मेन हे १९४६ सालापासून तेथील प्रमुख होते. १९५७ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा मथळा नुसता ‘आजार’ असा होता. कुणाचा आजार, हे मथळ्यात नव्हते, आणि तेच त्या निबंधाचे मर्म आहे. आरंभ अगदी साध्या प्रश्नापासून झाला. रुग्णालयात झोपेची औषधे केव्हा आणि का दिली जातात, ह्याची चर्चा मेन आणि तेथील परिचारिका एकत्र बसून करू लागल्या. बोलता बोलता असे ध्यानात आले, की औषध देण्याचे शास्त्रीय कारण कागदावर काहीही लिहिलेले असो, प्रत्यक्षात ते दिले जाते ते परिचारिकेची सहनशक्ती संपते त्या क्षणी. काळजी, राग, अपराधीपणा, हताशपणा, हे सारे तिला असह्य झाले, की औषधाची बाटली पुढे येते. गोळी रुग्णाने गिळलेली असली, तरी शांत व्हावयाचे असते ते परिचारिकेला. शिक्षा होणार नाही ही खात्री पटेपर्यंत कोणतीही परिचारिका असे बोलत नाही. कॅसलमध्येही ते सहजासहजी बोलले गेले नाही.

त्यानंतर ह्या मंडळींनी ज्या रुग्णांनी रुग्णालय हलवून सोडले होते अशा बारा जणांचा मागोवा घेतला. प्रत्येकाच्या बाबतीत जवळजवळ तेच कथानक निघाले. प्रत्येक रुग्णाने निदान एका परिचारिकेच्या मनात अशी भावना निर्माण केली होती, की ह्याला समजून घेण्याची विशेष शक्ती आपल्यातच आहे. ती परिचारिका आणि तिच्यासारखे दोघे-चौघे आतल्या गोटात गेले. हा रुग्ण नाजूक आहे, त्याला सवलती हव्यात, असे ते मानीत. बाहेरच्या गोटातील लोकांना ह्यात निव्वळ लाडावणे दिसे. आतल्यांना बाहेरचे कठोर वाटत, बाहेरच्यांना आतले भोळे वाटत. जुने सहकारी एकमेकांशी बोलेनासे झाले. परंतु मेन ह्यांनी दोष सारा रुग्णावर टाकला नाही, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही हा निबंध शिळा झालेला नाही. जो माणूस बरे करण्याच्या व्यवसायात शिरतो, त्याला रुग्ण बरा व्हावा अशी नुसती इच्छा नसते, गरज असते. रुग्ण बरा होत नाही, तेव्हा ह्या गरजेला ठेच लागते. आणि मग उपचाराचे नाव घेऊन राग बाहेर पडतो. औषध वाढते, कोंडणे सुरू होते, किंवा ‘हिची जागा येथे नाही’ असे म्हणून दुसरीकडे पाठवणी होते.

त्याच सुमारास, १९५४ साली, अमेरिकेतील चेस्टनट लॉज ह्या मनोरुग्णालयाविषयी स्टँटन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि श्वार्ट्झ हे समाजशास्त्रज्ञ ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यांचे निरीक्षण तर अधिकच बोलके आहे. एखादा रुग्ण अकारण खवळलेला दिसला, की त्याच्यावरून त्याची व्यवस्था पाहणाऱ्या दोन अधिकारी व्यक्तींत न बोललेला मतभेद चालू असावयाचा. त्या दोघांना समोरासमोर बसवून तो मतभेद बोलता केला, की रुग्णाचा क्षोभ ओसरावयाचा. तेव्हा ‘हिने भांडणे लावली’ हे म्हणणे अर्धेच खरे. भांडण पुष्कळदा आधीच तेथे असते. बालपणापासून घरातील वाऱ्याची दिशा ओळखण्यावर जिचा जीव अवलंबून होता, तिला ते इतरांच्या आधी जाणवते एवढेच.

मग परिचारिकेने करावयाचे तरी काय? मी असे म्हणेन, की पहिली गोष्ट रुग्णाच्या खाटेपाशी करावयाचीच नाही. ती पाळी बदलताना, ड्यूटीच्या खोलीत करावयाची आहे. ह्या रुग्णासाठी एकच योजना असावी, ती कागदावर असावी, आणि तिन्ही पाळ्यांनी ती पाळावी. गच्चीवर जाता येते की नाही, भेटीला कोण येऊ शकते, रात्री झोप न आली तर काय करावयाचे, ह्यांची उत्तरे रविवारी एक आणि सोमवारी दुसरे अशी असू नयेत. योजना ठरविताना रुग्णही तेथे असावी. मामा आणि मावशी ह्यांनाही ती ठाऊक असावी. आपल्याकडे हे हमखास विसरले जाते, आणि मग चहाच्या कपाबरोबर मावशीकडून निराळाच कायदा रुग्णापर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट शब्द पाळण्याची. ‘थोड्या वेळाने येते हं’ हे वाक्य वॉर्डात दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाते आणि त्याचा कुणाला राग येत नाही. ह्या रुग्णाला मात्र ते छळते. ‘पाच वाजता येईन आणि पंधरा मिनिटे बसेन’ असे म्हणावे, आणि पाच वाजता यावे, पंधरा मिनिटे झाली की उठावे. पाचला जमणार नसेल तर पाच वाजण्यापूर्वी सांगावे. रजेवर जावयाचे असेल तर आठ दिवस आधी सांगावे. ‘तिला कळले तर त्रास करील’ म्हणून चोरून रजेवर जाणारी परिचारिका परत येते तेव्हा, तिला टाळावयाचा होता त्याच्या चौपट त्रास तिची वाट पाहत असतो.

ह्याच्याशी लगटून एक नाजूक प्रश्न येतो, तो नात्याचा. आपल्याकडे परिचारिकेला रुग्ण ‘सिस्टर’ म्हणतात, पण दोन दिवसांत त्या सिस्टरची ‘ताई’ होते. संबोधनाला माझी हरकत नाही. परके माणूस आपलेसे करण्याची ती आपली रीतच आहे. परंतु ताई म्हटले की ताईचा घरचा फोन नंबर येतो, राखी येते, भाऊबिजेची ओवाळणी येते, मध्यरात्रीचे निरोप येतात. काही दिवस ताईला त्यात धन्यता वाटते. पुढे तिचा जीव घुसमटतो, आणि एके दिवशी ती सगळेच एकदम तोडून टाकते. आणि नेमके हेच ह्या मुलीच्या आयुष्यात आजवर घडत आलेले असते. पहिल्याच दिवशी आखलेली मर्यादा रुग्णाला थोडी टोचते. चाळिसाव्या दिवशी रागाच्या भरात आखलेली मर्यादा तिला मुळापासून हलवते. म्हणून ‘मी ड्यूटीवर असेन तेव्हा तुझी आहे, घरी गेल्यावर नाही, तेव्हा दुसरी सिस्टर असेल’ हे हसतमुखाने आणि आरंभीच सांगणे, ह्यातच खरी माया आहे.

आणि लक्ष केव्हा द्यावयाचे? वॉर्डात लक्ष ही फार दुर्मिळ वस्तू आहे. चाळीस खाटांत जो शांत पडून राहतो त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. जो हात कापून घेतो त्याच्याभोवती पाच माणसे जमतात. ही शिकवणूक आपणच देत असतो. ती उलटी करावी लागते. इजा झाल्यावर जखमेची काळजी पूर्ण घ्यावी, पण कमी शब्दांत. आणि तळमळ सुरू झाली असताना, इजेच्या आधी, रुग्ण बोलावयास आली तर हातातले काम ठेवून दोन मिनिटे तरी ऐकावे. ऐकताना तिच्या कृतीला होकार देण्याचे कारण नाही. तिच्या भावनेला द्यावा. ‘तो न सांगता निघून गेला, तेव्हा तुला भीती वाटली असणार’ हे म्हणता येते, आणि त्याच दमात ‘पण हात कापून घेण्याचे काम मी होऊ देणार नाही’ हेही म्हणता येते.

ह्या दोन वाक्यांना एकत्र बांधणारी उपचारपद्धती मार्शा लिनेहन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडविली. तिची पहिली पद्धतशीर चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि ग्रंथ १९९३ साली. माणूस जसा आहे तसा स्वीकारणे आणि त्याच वेळी त्याच्याकडून बदलाची अपेक्षा धरणे, हा तिचा गाभा. आत्महत्येचे प्रयत्न आणि स्वतःला इजा करणे ह्या पद्धतीने कमी होते, हे पुढे अनेक चाचण्यांत दिसून आले. तिच्यातील काही युक्त्या इतक्या साध्या आहेत, की त्या कोणत्याही परिचारिकेला शिकून शिकविता येतील: भावनेचे वादळ शिगेला पोचले असता श्वास रोखून चेहरा थंडगार पाण्यात थोडा वेळ धरणे, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर खाली येऊ लागते. हृदयविकार असलेल्यांना किंवा उपासमारीने अशक्त झालेल्यांना मात्र हे सांगू नये. लिनेहन बाईंना ह्या रुग्णांचे मन इतके नेमके कसे कळले, ह्याचे उत्तर २०११ साली मिळाले. हार्टफर्ड गावच्या मनोरुग्णालयात जाऊन त्यांनी उघडपणे सांगितले, की १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आपण ह्याच ठिकाणी रुग्ण म्हणून दाखल झालो होतो आणि कोंडून ठेवले जात होतो. आपल्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळदंड घालणे आणि एकान्तात कोंडणे, दोन्ही निषिद्ध ठरविली आहेत. बांधून ठेवणे हेदेखील तत्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच करता येते.

औषधांविषयी दोन शब्द. ह्या विकारावर म्हणून खास असे औषध नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००९ सालीच स्पष्ट केले, की केवळ ह्या विकारासाठी औषधे देऊ नयेत. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याच्यासाठी ती द्यावीत. आपली म्हण येथवर बरोबर आहे. परंतु तिची धाकटी बहीण, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ही, मात्र साफ चुकली आहे. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अशा २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१० साली त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा शंभरातील त्र्याण्णव जणांची लक्षणे निदान दोन वर्षे सलग मावळलेली आढळली. नोकरी किंवा शिक्षण, आणि एखादे तरी टिकाऊ नाते, असे भरभक्कम आयुष्य मात्र निम्म्यांनाच साधले होते. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मनात ठेवावयास हवा. ज्या परिचारिकेला हे आकडे ठाऊक असतात तिचा चौथ्या खेपेच्या वेळचा चेहरा निराळा असतो.

समाजाला उपद्रव देणाऱ्या, कायदा मोडणाऱ्या प्रकाराविषयी येथे ओझरतेच बोलता येईल. इंग्लंडमधील ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि ॲशवर्थ ह्या कडेकोट रुग्णालयांतील परिचारिकांचा लेन बोवर्स ह्यांनी अभ्यास केला आणि तो २००२ साली ग्रंथरूपाने आला. बहुतेकांना ह्या रुग्णांचा वीट आलेला असताना काहींची सद्भावना टिकून होती. ती टिकली होती ती भोळेपणावर नव्हे. रुग्ण फसवील, आभार मानणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते, आणि पाठीशी सहकारी आणि व्यवस्था उभी होती. नुसत्या मोकळेपणाने काय होते हेही ॲशवर्थनेच दाखविले. १९९९ च्या चौकशी अहवालात तेथील व्यक्तिमत्त्व-विकारांच्या विभागातील शिस्त कशी ढासळली होती ह्याचे वर्णन आहे.

आपल्याकडे एक पात्र असे असते जे ह्या परदेशी ग्रंथांत फारसे भेटत नाही: खाटेशेजारी चटई टाकून बसलेले नातेवाईक. त्यांनाच पुढे रुग्णाला घरी सांभाळावयाचे असते. मुलीची आई हळूच विचारते, ‘सिस्टर, लग्न करून दिले तर सुधारेल ना?’ ह्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर परिचारिकेने स्पष्ट द्यावे. ज्या मुलीला टाकले जाण्याचे भय आहे तिला अपरिचित घरात नेऊन सोडणे हा उपचार नव्हे. घरातील विषारी औषधे कुलुपात ठेवावीत, धमकी ऐकली की चेष्टा करू नये आणि घाबरून सर्व मागण्या मान्यही करू नयेत, रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, एवढे तरी घरी जाताना सांगावे. आणि आणखी एक गोष्ट परिचारिकेच्याच नजरेला पडू शकते. सासरी मार खाणारी बाई भांडते, रडते, विष घेते, आणि तिच्या केसपेपरवर व्यक्तिमत्त्व-विकार असे लिहून मंडळी मोकळी होतात. पट्टी बदलताना हातावरचे जुने वळ परिचारिकेला दिसतात. ते स्वतःचे की दुसऱ्याचे, हे नवरा बाहेर गेल्यावर विचारावे.

हे सारे ऐकून एखादी परिचारिका म्हणेल, रात्रपाळीला मी एकटी, खाटा चाळीस. पंधरा मिनिटे बसावयाची कोठून आणू? तिचे म्हणणे खरे आहे, आणि मनुष्यबळ पुरविण्याची जबाबदारी तिची नाही, रुग्णालय चालविणाऱ्यांची आहे. पंधरा मिनिटे नसतील तर तीन सांगावीत. पण सांगितलेली तीन, तीनच आणि नेमकी द्यावीत. आणि जे काम तिला तसेही करावेच लागते, ते केसपेपर लिहिण्याचे, त्यात ‘रुग्ण नाटकी वागते, लक्ष वेधून घेण्यासाठी हात कापला’ असे न लिहिता, ‘रात्री नऊला भावाचा फोन आला, नंतर रडत होती, दहाला माझ्याकडे आली, मी औषधे वाटीत असल्याने थांबावयास सांगितले, सव्वादहाला न्हाणीघरात हाताला इजा, जखम धुऊन डॉक्टरांना कळविले’ असे लिहावे. ह्या नोंदीला अर्धा मिनिट अधिक लागतो. सकाळच्या पाळीला मात्र तिच्यातून आज रात्री नऊ वाजता कुणी आणि कोठे उभे राहावयाचे, ते कळते.